सुताराचा फोटो किती साफ करावा?

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात साग पानं टाकू लागला की मराठा सुतार हा पक्षी उघड्या फांद्यांवर सहज दिसतो. जेमतेम 18 सेंटिमीटरचा हा पक्षी, चोच मारताना डोकं क्षणभरही स्थिर राहत नाही. म्हणून शटर निदान सेकंदाच्या हजाराव्या भागाचं लागतं. सकाळच्या कमी उजेडात मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागतो, फोटोत दाणे येतात. संगणकावर दाणे कमी करणारी पट्टी सरकवली की ते जातात, पण छातीवरच्या तपकिरी रेघाही पुसट होतात. सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक नेहमी कळतोच असं नाही. चिमणीहून लहान, 13 सेंटिमीटरच्या छोट्या सुताराचं तर आणखी अवघड. त्याच्या नराच्या डोळ्यामागे लाल रंगाची बारीकशी रेघ असते. ती गेली, तर नर-मादी ओळखणार कशावरून?

दाणेदार फोटो बघवत नाही, हा आक्षेप खोटा नाही. पण दाणे खुपतात ते मागच्या मोकळ्या भागात. तेवढाच निवडून साफ करावा, पक्ष्याला हलकाच हात लावावा. दाणे टाळायला मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवावा, असंही कुणी सुचवेल. विणीच्या दिवसांत हद्द राखायला तो धावून येतो खरा, पण तेवढा वेळ घरटं वाऱ्यावर पडतं. त्यापेक्षा लांबून काढलेला खरखरीत फोटो परवडला.