पडद्यावरचे वाचन आणि आपली तीन कपाटे

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी साहित्यिक नाही आणि प्राध्यापकही नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे रिले, केबल आणि पॉइंट मशीन यांच्यातच रमलो आहे. तरीही चिटणीसांनी मला विषय दिला तो वाचनाचा. मोठी माणसे मोबाइलवर, टॅबवर किंवा किंडलवर आवडीने वाचतात ती कशी, आणि हे शोधून कसे काढायचे, असा तो विषय आहे.

यामागे एक कारण आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत आपल्या ग्रंथालयाच्या तीन कपाटांचा प्रश्न निघाला होता. काही तरुण सभासद म्हणाले, "आता सगळे मोबाइलवर आहे. पुस्तके कुणाला तरी देऊन टाका, तेवढ्या जागेत मुलांसाठी टेबल टेनिस बसेल." ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "मोबाइलवर कुणी वाचत नाही, नुसते बोटाने सरकवतात." दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या, पण दोघांकडेही माहिती नव्हती. निर्णय दिवाळीनंतरच्या सभेवर गेला. आमच्या खात्यात सिग्नल बिघडला की अंदाजाने रिले बदलत नाहीत, आधी तपासतात. इथेही तसेच करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहिला प्रश्न असा, की माणूस किती आणि कसे वाचतो हे कळणार कसे? जगभरच्या अभ्यासकांनी याचे तीन मार्ग वापरले आहेत.

पहिला मार्ग म्हणजे माणसालाच विचारणे. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर ही संस्था असे सर्वेक्षण करते. त्यांच्या २०१६ सालच्या पाहणीत मागच्या वर्षभरात निदान एक छापील पुस्तक वाचलेले प्रौढ ६५ टक्के होते आणि ई-पुस्तक वाचलेले २८ टक्के. २०२१ साली छापील पुस्तकाचा आकडा ६५ टक्क्यांवरच होता आणि ई-पुस्तकाचा ३० टक्के झाला होता. ऐकण्याची पुस्तके मात्र १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेली. म्हणजे ज्या देशात किंडल २००७ सालीच बाजारात आले, तिथेही पडद्याने छापील पुस्तकाला घराबाहेर काढले नाही. बरेच लोक दोन्ही वाचतात.

पण विचारण्यात एक अडचण असते. "तुम्ही वाचता का हो?" असे कुणी विचारले की आपण सगळे जरा ताठ बसतो आणि "हो, रोज रात्री," असे सांगतो. म्हणून जाणकार लोक "साधारणपणे किती वाचता" असे विचारत नाहीत, ते "काल काय केले" असे विचारतात. आपल्या देशातही सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात आदल्या दिवशी पहाटे ४ पासून पुढचे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून विचारतात. कालचा दिवस बहुतेकांना आठवतो आणि त्यात फुगवायला जागा कमी असते.

दुसरा मार्ग यंत्राच्या नोंदीचा. आमच्या रिले रूममध्ये डेटा लॉगर असतो. कोणता रिले किती वाजता उचलला, किती वाजता पडला, हे तो सेकंदासकट लिहून ठेवतो. ई-पुस्तकाचे उपकरणही तसेच आहे. आपण कोणते पान उघडले, कुठे थांबलो, पुस्तक पुरे केले की नाही, हे त्याला कळते. कोबो नावाच्या कंपनीने २०१४ साली असे काही आकडे जाहीर केले होते. ब्रिटनमध्ये 'द गोल्डफिंच' ही पुलित्झर पारितोषिक मिळालेली जाडजूड कादंबरी ज्यांनी घेतली, त्यांतले सुमारे ४४ टक्केच शेवटच्या पानापर्यंत पोचले. आता हे वाचून पडद्याला दोष देण्याचा मोह होईल. पण आपल्या कपाटातली किती जाड पुस्तके अर्धी वाचून परत येतात, हे कोण मोजतो? छापील पुस्तकाला लॉगर नसतो. शिवाय लॉगर काय घडले ते सांगतो, का घडले ते सांगत नाही. पुस्तक कंटाळवाणे होते की वाचणाऱ्याला नाइट ड्यूटी लागली, हे त्याला कसे कळणार?

तिसरा मार्ग प्रयोगाचा. नॉर्वेतील स्टॅव्हँगर विद्यापीठाच्या ॲन मँगेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ५० तरुण वाचकांना एलिझाबेथ जॉर्ज या लेखिकेची २८ पानांची एक रहस्यकथा वाचायला दिली. निम्म्यांना छापील पुस्तक दिले, निम्म्यांना किंडल. नंतर प्रश्न विचारले. बहुतेक बाबतींत दोन्ही गट सारखेच निघाले. फरक पडला तो एका जागी. कोणती घटना आधी घडली, कोणती नंतर, आणि ती गोष्टीत साधारण कुठे होती, हे छापील पुस्तक वाचणाऱ्यांना जास्त चांगले सांगता आले.

याचे कारण आपल्यालाही पटण्यासारखे आहे. छापील पुस्तकात डाव्या हाताखालची पाने वाढत जातात आणि उजव्या हाताखालची कमी होतात. किती वाचले आणि किती राहिले हे बोटांना कळते. "ते वाक्य उजव्या पानावर खालच्या बाजूला होते" असे आपण म्हणतो. पडद्यावर पहिले पान आणि शेवटचे पान हाताला एकाच जाडीचे लागते. सेक्शनवर चालणाऱ्या माणसाला किलोमीटरचे दगड दिसत असतात, ते काढून टाकले तर तो गावाला पोचेल, पण मधले अंतर सांगताना गडबडेल. तसाच हा प्रकार आहे.

यापेक्षा मोठे काम स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी केले. २००० ते २०१७ या काळात झालेले ५४ अभ्यास त्यांनी एकत्र केले. त्यांत सगळे मिळून १,७०,००० हून अधिक वाचक होते. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जास्त समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तर पडदा आणखी मागे पडतो. पण निव्वळ गोष्ट वाचायची असेल तर असा फरक आढळला नाही.

इथे मला आपल्या बाप्पाचीच आठवण होते. महाभारत लिहायला बसताना गणपतीने अट घातली की लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. पडद्यावर आपण पहिली अट पाळतो आणि दुसरी विसरतो. अंगठा थांबत नाही, पण अर्थ मागे राहतो.

यातून सहकाऱ्यांसाठी व्यवहाराची एक गोष्ट निघते. विभागीय परीक्षेसाठी जनरल रूल्स वाचायचे असतील तर कागदावर वाचा आणि पेन्सिल घेऊन वाचा. कथा-कादंबरी मात्र ज्याला जिथे सोयीची वाटेल तिथे वाचावी. त्यात कमीपणा काही नाही.

पडदा पडदाही सारखा नसतो. मोबाइलच्या पडद्यातून प्रकाश सरळ डोळ्यांत येतो, आपल्या एलईडी सिग्नलसारखा. किंडलच्या पडद्यात ई-इंक असते. तिच्या बारीक कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात. विजेचा दाब दिला की हवे ते कण वर येतात आणि तिथेच राहतात. आमच्या लॅच रिलेला बदलण्यापुरता करंट लागतो, टिकून राहायला लागत नाही, तसेच हे आहे. म्हणून त्याची बॅटरी कित्येक दिवस चालते, आणि लाइनच्या कडेच्या रिफ्लेक्टिव्ह बोर्डाप्रमाणे ते बाहेरून पडलेल्या उजेडावर दिसते. फरक झोपेला कळतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२ जणांना काही रात्री झोपण्यापूर्वी चार तास प्रकाश टाकणाऱ्या टॅबवर वाचायला दिले आणि काही रात्री छापील पुस्तक दिले. टॅब वाचलेल्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली, आणि सकाळी मरगळही जास्त होती. प्रयोग लहान आहे, पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

आता दुसरी बाजूही ऐका. युनेस्कोने २०१४ साली भारतासह सात देशांमध्ये मोबाइलवर पुस्तके वाचणाऱ्या चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. हे असे देश, जिथे पुस्तक सहज हाती लागत नाही. मोबाइलवर वाचणाऱ्यांत पुरुषांची संख्या जास्त होती, पण प्रत्यक्ष वाचनाला बायकांनी दिलेला वेळ सहापट होता. महिन्याला सरासरी २०७ मिनिटे बायकांची आणि ३३ मिनिटे पुरुषांची. मोबाइलवर वाचू लागल्यापासून वाचन जास्त आवडू लागले असे ६२ टक्के लोकांनी सांगितले. तेव्हा घरातली वहिनी किंवा काकू मोबाइल हातात घेऊन बसली, की ती वेळ वाया घालवते असे समजू नका. कदाचित ती कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात असेल.

आपल्यासारख्या बिलासपूरला राहणाऱ्यांसाठी हे जास्तच खरे आहे. एके काळी मराठी पुस्तक हवे असले की चारशे किलोमीटरवरच्या नागपूरहून येणाऱ्या कुणाला तरी गळ घालावी लागे. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आणली. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके विनामूल्य देते. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांना अक्षर मोठे करता येते. ही सोय छापील पुस्तकात कुठून आणणार? मात्र जुन्या पुस्तकांची नुसती फोटो काढलेली पीडीएफ असेल तर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावे लागते आणि दोन पानांत उत्साह संपतो. पुष्कळ जुनी मराठी पुस्तके अजून अशाच स्वरूपात मिळतात. "सगळे मोबाइलवर आहे" म्हणणाऱ्या तरुण मित्रांनी असे एक पुस्तक शेवटपर्यंत वाचून दाखवावे.

आणखी एक फरक आहे. कपाटातले पुस्तक एकाने वाचून दुसऱ्याला देता येते. ई-पुस्तक विकत घेतले तरी ते शेजाऱ्याच्या हातात ठेवता येत नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्काच्या वादामुळे जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, नंतर कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण आपल्या कपाटातून असे कुणी रात्रीतून पुस्तक नेऊ शकत नाही, निदान वहीत सही केल्याशिवाय तरी नाही!

मंडळी, हे सगळे आकडे बाहेरचे आहेत. प्रयोगातले वाचक बहुतेक विद्यार्थी असतात आणि पुस्तके बहुतेक इंग्रजी किंवा युरोपीय भाषांतली. दिवसभर यार्डात उभा राहून घरी आलेला पंचेचाळीस वर्षांचा मराठी माणूस काय वाचतो, हे त्यांना विचारून कळणार नाही. ते आपले आपल्यालाच विचारावे लागेल. म्हणून माझी एक सूचना आहे.

अनंत चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा, कोणत्याही दिवशी, फक्त चार प्रश्न विचारावेत. काल आवडीने काय वाचले? कशावर वाचले? कुठे आणि किती वाजता वाचले? आणि कुठपर्यंत आलात? रनिंग रूममध्ये विश्रांती घेणाऱ्या लोको पायलटलाही विचारावे आणि दुपारी घरी असणाऱ्या काकूंनाही. व्हॉट्सॲपवरचे सुविचार वेगळ्या रकान्यात लिहावेत. "काही वाचले नाही" हेही मोकळेपणाने लिहू द्यावे, त्यावरून कुणाची थट्टा करू नये, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून सगळेच पुस्तके वाचू लागतील, निदान कागदावर! फॉर्मवर नाव नको, फक्त वयाचा गट असावा.

तोपर्यंत कपाटातले एकही पुस्तक हलवू नये. दिवाळीनंतर नोंदी घेऊन बसू. जे पुस्तक पडद्यावर नीट वाचता येण्यासारखे मिळते आणि इथे कुणी मागत नाही, ते खुशाल दुसऱ्या वाचनालयाला द्यावे. जे कुठेच मिळत नाही ते जपावे. कदाचित तीन कपाटांची दोन होतील, आणि मुलांच्या टेबलालाही जागा निघेल. तरुणांनी एका रविवारी ज्येष्ठांना मोबाइलवर अक्षर मोठे कसे करायचे ते शिकवावे, आणि ज्येष्ठांनी त्या बदल्यात कपाटातले एक पुस्तक त्यांच्या हाती द्यावे.

गाव सोडून आलेल्या माणसाजवळ भाषा टिकते ती बोलण्याने आणि वाचण्याने. बोलायला आपण वर्षातून दहा दिवस इथे जमतो. उरलेले दिवस वाचनाचे आहेत. ते कागदावर जावोत की काचेवर, पण कोणाचे कशावर जातात हे कळल्याशिवाय कुलूप लावू नये, एवढीच विनंती. फॉर्म वाटण्याचे काम मी माझ्याकडे घेतो. प्रत्येक गल्लीसाठी एक मदतनीस हवा आहे, त्यांनी आरतीनंतर मला भेटावे.



गणपती बाप्पा मोरया!