मॅनोज-बंधक लेक्टिन आणि कर्करोगग्रस्त मुलांचा ताप



कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारांत कर्कपेशींचा नाश करण्याइतकेच महत्त्व मुलाला संसर्गातून वाचवण्याला असते, कारण केमोथेरपीची औषधे अस्थिमज्जेतील निरोगी पेशींनाही सोडत नाहीत आणि त्यामुळे जंतूंना गिळून मारणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या दर मायक्रोलिटर रक्तामागे ५०० च्याही खाली घसरते. वॉर्डात ज्याला ‘काउंट पडले’ म्हणतात ती हीच अवस्था, आणि त्या अवस्थेत आलेला ताप दुसरे काही सिद्ध होईपर्यंत संसर्गाचाच मानला जातो. तथापि औषधयोजना एकच आणि काउंटही सारखेच पडलेले असताना एका मुलाचा ताप दोन दिवसांत उतरतो आणि दुसऱ्याचा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, हे केवळ न्यूट्रोफिलांच्या मोजणीने उलगडत नाही. हा फरक समजून घेण्याच्या प्रयत्नात गेली दोन दशके ज्याचे नाव पुन्हा पुन्हा पुढे आले आहे, त्या प्रथिनाचा विचार येथे प्रस्तुत आहे.

मॅनोज-बंधक लेक्टिन, संक्षेपाने एमबीएल, हे मुख्यतः यकृतात तयार होते, रक्तातून फिरते आणि जीवाणू व बुरशी यांच्या पृष्ठभागावरील मॅनोज व तत्सम शर्करांच्या विशिष्ट मांडणीला चिकटते. तशी मांडणी मानवी पेशींवर सहसा उघडी नसल्याने त्या या माऱ्यातून वाचतात. चिकटताच त्याच्याशी जोडलेली विकरे, म्हणजे एन्झाइमे, जागृत होऊन कॉम्प्लिमेंट ही पूरक प्रथिनांची साखळी सुरू करतात आणि जंतूवर प्रथिनांचा असा थर चढतो की भक्षक पेशींना तो पकडणे सोपे जाते. प्रतिपिंडे तयार होण्याची वाट या यंत्रणेला पाहावी लागत नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय.

या प्रथिनाची कमतरता दुर्मीळ नाही. दहाव्या गुणसूत्रावरील एमबीएल-२ या जनुकातील ५२, ५४ किंवा ५७ क्रमांकाच्या कोडॉनमध्ये बदल झाला, की प्रथिनाच्या साखळ्यांची तिपेडी गुंफण बिघडते आणि रक्तातील कार्यक्षम प्रथिनाचे प्रमाण उतरते. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांमधील, जंतूंवर असा थर नीट न चढण्याच्या दोषाचा संबंध १९८९ मध्ये लंडनच्या माल्कम टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेशी जोडून दाखवला. असे असूनही कमतरता असलेली बहुसंख्य माणसे निरोगी आयुष्य जगतात, कारण न्यूट्रोफिल आणि प्रतिपिंडे ही उणीव भरून काढतात. कर्करोगाच्या उपचारात नेमके हेच आधार काढून घेतले जातात, म्हणून एरवी झाकलेली उणीव तेथे उघडी पडावी, हा तर्क सयुक्तिक ठरतो.

२००१ मध्ये ओलाफ नेथ व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या १०० मुलांच्या अभ्यासाने या तर्काला बळ दिले: जनुकात बदल असलेल्या मुलांनी निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत काउंट पडलेले असताना तापात काढलेल्या दिवसांचा मध्यक २०.५ होता, तर बदल नसलेल्यांचा १०. पुढील अभ्यासांनी मात्र एकमुखी साक्ष दिली नाही. काहींत संबंध दिसला, काहींत दिसलाच नाही. ही विसंगती संशोधकांच्या हलगर्जीपणाची खूण मानणे अन्यायाचे ठरेल. रक्ताच्या कर्करोगाची तीव्र केमोथेरपी आणि घन गाठींवरील तुलनेने सौम्य उपचार एका मापात बसत नाहीत, ‘कमतरता’ कोणत्या आकड्याखाली समजावी यावर एकमत नाही, आणि शिवाय एमबीएल हे संसर्गात स्वतःच वाढणारे प्रथिन असल्याने तापाच्या दिवशी घेतलेला नमुना मुलाची मूळ पातळी झाकून टाकतो. यकृतावर परिणाम करणारी औषधे मोजमापात आणखी गोंधळ घालतात, ते वेगळेच.

रक्तद्रवातून शुद्ध केलेले एमबीएल देऊन पातळी वाढवण्याचे प्रयोग नेदरलँड्समध्ये अशाच मुलांवर झाले, परंतु मोजक्या रुग्णांवरील त्या प्रयोगांतून नित्याचा उपचार उभा राहिला नाही. तेव्हा एमबीएलची तपासणी आज प्रत्येक मुलाला सरसकट लिहून देण्यास आधार नाही, असे स्पष्टपणे सांगणे उचित होय. पालकांच्या हाती असा अहवाल पडावा की ज्यावर कोणताच निर्णय अवलंबून नाही, यात वैद्यकाची शोभा नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दूरदूरच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून मुले येतात, त्यांतील अनेकांचे पोषण मुळातच तोकडे असते, आणि घरी परतल्यावर आलेल्या तापात पहिले प्रतिजैविक शिरेतून मिळेपर्यंत जाणारे तास कोणत्याही जनुकाच्या बदलाइतकेच निर्णायक ठरू शकतात. म्हणून एमबीएलवरील भारतीय संशोधनाची आखणी करताना निदानाच्या वेळी, पहिल्या केमोपूर्वी, रक्ताचा नमुना राखून ठेवावा, मुलाचे वजन-उंची आणि ताप सुरू झाल्यापासून प्रतिजैविकापर्यंतचा अवधी त्याच नोंदीत लिहावा, आणि विश्लेषणात या तिन्हींना एकत्र घ्यावे. अन्यथा उशिरा पोचलेल्या मुलाच्या तापाचा दोष त्याच्या जनुकाच्या माथी मारला जाईल.