घरांतील आमरी

शहरांतील सुशिक्षित घरांत हल्लीं एक नवा पाहुणा वरचेवर येऊं लागला आहे. गृहप्रवेश, वाढदिवस किंवा दिवाळी यांचें निमित्त साधून कोणी तरी पारदर्शक कुंडींत लावलेलें ऑर्किडचें झाड भेट म्हणून आणतो. पांढऱ्या वा जांभळ्या फुलांचा तो तुरा दीड-दोन महिने दिवाणखान्याची शोभा वाढवितो. मग एकेक फूल गळूं लागतें, पानें पिवळीं पडतात, आणि दिवाळीला आलेलें झाड होळीच्या सुमारास केराच्या टोपलींत जातें. घरची गृहिणी हळहळून म्हणते, "रोज न चुकतां पाणी घालीत होतें, तरी कसें मेलें कोण जाणे!" त्या रोजच्या पाण्यानेंच तें मेलें, हें तिला कोणीं सांगितलेलें नसतें.

ऑर्किडला मराठींत आमरी असें नांव आहे, आणि हें कुल आपल्याला वाटतें तितकें परकें नाहीं. शक्तिवर्धक म्हणून दुधांतून घेतली जाणारी सालममिश्री ही याच कुलांतील वनस्पतींच्या कंदांची. आइस्क्रीमला सुवास देणारी व्हॅनिलाची शेंग हीही एका आमरीच्या वेलाचीच. सह्याद्रीच्या रानांत तर आमरीच्या कितीतरी जाती आपोआप वाढतात. त्यांपैकीं एकीस लोकांनीं 'सीतेची वेणी' असें मोठें समर्पक नांव दिलें आहे. उन्हाळा सरतां सरतां झाडाच्या फांदीवरून तिचा हातभर लांब, गुलाबी ठिपक्यांच्या दाट फुलांचा घोस खालीं लोंबूं लागतो. हीच आमरी आसामांत 'कपौ फूल' म्हणून प्रसिद्ध आहे. बिहूच्या सणांत तेथील मुली ती अंबाड्यांत माळतात. दोन दूरच्या प्रांतांतील माणसांना एकाच फुलाकडे पाहून केशरचनेचीच आठवण व्हावी, हें खरोखर मौजेचें आहे.

फांदीवर वाढणारी आमरी पाहून पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. हा गैरसमज दूर झाल्यावांचून तिची जोपासना साधणार नाहीं. बांडगूळ आपलें मूळ फांदीच्या आंत घुसवून झाडाचा रस शोषून घेतें. आमरी तसें कांहींच करीत नाहीं. ती फांदीवर केवळ बिऱ्हाड करून राहते. सालीच्या खांचांत अडकलेला पाचोळा, पावसाच्या पाण्याबरोबर वाहत आलेली धूळ आणि हवेंतील ओलावा, एवढ्यावर तिचा चरितार्थ चालतो. त्यासाठीं निसर्गानें तिला मुळेंहि निराळीं दिलेलीं आहेत. मुळाच्या तंतूभोंवतीं स्पंजासारखें एक जाड वेष्टण असतें. सर आली कीं तें वेष्टण पाणी झटकन् पिऊन घेतें, आणि सर थांबली कीं वाऱ्यानें पुन्हा सुकतें. कोरडें असतां तें रुपेरी पांढरें दिसतें. भिजलें कीं आंतील हिरवा रंग बाहेर डोकावतो. असें मूळ बागेंतील काळ्या मातींत दाबून रोज भिजविलें, तर त्याला हवा मिळत नाहीं व थोड्याच आठवड्यांत तें कुजून मऊ पडतें. मुळें कुजल्यावर पानें सुरकुततात. तीं पाहून झाड तहानलेलें आहे असें वाटतें, म्हणून आणखी पाणी घातलें जातें. घरोघर आमरी मरते ती बहुधा याच क्रमानें.

म्हणून कुंडीचा विचार प्रथम करावा. आमरीला माती नको; आधार हवा. मातीच्या भाजलेल्या कुंडीला तळाप्रमाणेंच बाजूंनाहि भोंकें असावींत. तींत सुपारीएवढे लोणारी कोळशाचे तुकडे, भाजक्या विटेचे तितकेच मोठे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे काप भरावेत. सोडण नवें असेल तर तीन-चार दिवस पाणी बदलीत भिजत ठेवून त्याचा तुरटपणा व क्षार काढून टाकावे. जेथें पाऊस फार, तेथें सोडण कमी व कोळसा अधिक, हें प्रमाण सोयीचें पडतें. सोडण पाणी धरून ठेवतें आणि दोन-तीन पावसाळ्यांत कुजून त्याचा चोथा होतो, तेव्हां तें बदलावें लागतें. वांडासारख्या लांब मुळांच्या जातींना तर कुंडींत कांहींच भरण्याची गरज नाहीं. लांकडी पट्ट्यांच्या टोपलींत झाड ठेवून टोपली टांगली आणि मुळें हवेंत मोकळीं सोडलीं कीं झालें. सीतेच्या वेणीसारखी जात लांकडाच्या ओंडक्यावर किंवा अंगणांतल्या आंब्याच्या फांदीवर काथ्यानें सैलसर बांधावी. वर्षभरांत तिचीं मुळें सालीला स्वतःच घट्ट धरतात व काथ्या कुजून गळून जातो.

आतां हें सर्व प्रत्यक्ष घरांत कसें बसतें तें पाहावें. उदाहरणादाखल अंबरनाथजवळच्या बुवापाड्यांतील एखादें घर घेतां येईल. तेथें बंगल्याची बाग नाहीं. सज्जाची चार हात जागा आहे, लोखंडी गजांची खिडकी आहे. त्या आसमंतांतून मलंगगडाचे व माथेरानचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांतल्या आमरीला जो पाऊस मिळतो, जें ऊन मिळतें, जवळजवळ तेंच या सज्जालाहि मिळतें. आमरी म्हटली कीं कांचगृह, थंड हवा, यंत्रांनीं राखलेला ओलावा, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तें विलायती पुस्तकांतून आलेलें आहे. थंड देशांत कांचगृहांत चूल पेटवून जी हवा निर्माण करावी लागते, ती ठाणें जिल्ह्यांत फुकट मिळते. प्रश्न उरतो तो तिचा अतिरेक आवरण्याचा.

सज्जा पूर्वेकडचा असेल तर उत्तमच. सकाळचें नऊ-साडेनऊपर्यंतचें ऊन बहुतेक जातींना मानवतें. पश्चिमेकडचा असेल तर दुपारनंतर बांबूचा चिक किंवा हिरवी जाळी सोडावी. ऊन पुरेसें आहे कीं नाहीं, हें पानेंच सांगतात. पान गर्द हिरवें व लुसलुशीत दिसलें तर उजेड कमी पडतो आहे. असें झाड डौलदार दिसतें, पण फुलत नाहीं. पान पिवळट पडलें अथवा त्यावर तांबूस झांक आली तर ऊन जास्त होतें आहे. पोपटी हिरवा रंग असावा.

पाणी सकाळीं घालावें, म्हणजे रात्र पडण्यापूर्वीं पानांच्या बेचक्यांतील ओल सुकते. मार्च ते मे या महिन्यांत, पारा चाळिसाच्या घरांत जातो तेव्हां, टांगलेल्या वांडाला दिवसांतून दोनदां पाणी शिंपडावें. कुंडींतल्या झाडाला मात्र कोळसा वरून कोरडा होऊन मुळें पांढरीं दिसूं लागल्यावरच पाणी द्यावें. बोट घालून आंतली ओल पाहण्याची संवय लावून घेतली, तर वारांचें वेळापत्रक ठेवावें लागत नाहीं. कुंड्यांखालीं ओल्या रेतीचें वा विटांच्या चुऱ्याचें ताट ठेवल्यानें भोंवतालची हवा गार राहते. परंतु कुंडीचा तळ त्या पाण्याला टेकतां कामा नये. कूपनलिकेचें पाणी बहुधा क्षारयुक्त असतें व त्यानें मुळांचीं कोंवळीं टोकें काळवंडतात. त्यापेक्षां नळाचें पाणी रात्रभर उघडें ठेवून वापरावें. सर्वांत चांगलें तें पावसाचें. मात्र कारखान्यांच्या शेजारच्या गांवांत पहिल्या दोन-तीन सरी आकाशांतला धूर व धूळ घेऊन येतात. त्या वाहून जाऊं द्याव्या आणि मग बादली लावावी.

पावसाळा हा आमरीच्या वाढीचा काळ, आणि घरांतल्या आमरीच्या मरणाचाहि. रानांत ती भिजते, पण तेथें वारा असतो व फांदी उतरती असते. सज्जांत भिंतीला टेकलेली कुंडी दिवसचे दिवस निथळत नाहीं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्यें कुंड्या पागोळ्यांपासून आंत घ्याव्यात व एकमेकींपासून वीतभर दूर ठेवाव्यात. वरचें पाणी बंदच ठेवावें. पानाच्या बुडाशीं पाणचट तपकिरी डाग दिसला, तर तेवढा भाग धारदार, जाळावर धरून निवविलेल्या सुरीनें कापून टाकावा. याच दिवसांत गोगलगाई रात्रीं येऊन मुळांचीं टोकें खातात. त्यांना कंदील घेऊन वेंचणें हाच खरा उपाय. खवलेकीड व पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसून निघतात. खत द्यावयाचें तें वाढीच्या काळांतच, लिटरभर पाण्यांत अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनीं एकदां; भुकेनें आमरी सहसा मरत नाहीं.

नोव्हेंबरपासून पाणी कमी करावें. हा विसावा पुष्कळांना क्रूरपणा वाटतो. सह्याद्रींतल्या कित्येक डेंड्रोबियम जाती हिंवाळ्यांत सर्व पानें टाकतात. उरतात त्या काटक्यांसारख्या फुगीर कांड्या. झाड मेलें असें समजून कांड्या छाटल्या जातात, वास्तविक फेब्रुवारीच्या सुमारास त्याच निष्पर्ण कांड्यांवर शुभ्र फुलें यावयाचीं असतात. भेट म्हणून येणारी फालेनॉप्सिस पानें टाकीत नाहीं, परंतु तिलाहि फुलाचा दांडा धरण्यासाठीं कांहीं आठवडे रात्रीचा गारवा लागतो. डिसेंबर-जानेवारींत बुवापाड्यास तो आपोआप मिळतो, फक्त झाड वातानुकूलित खोलींतून काढून खिडकीपाशीं ठेवावें लागतें. सिक्कीम-दार्जिलिंगकडची सिंबिडियम मात्र कोंकणपट्टींत आणूं नये. तिला हवी तशी थंडी येथें नाहीं आणि कोणत्याहि युक्तीनें ती आणतां येत नाहीं.

झाड कोठून आणावें, याचा विचार त्याहून महत्त्वाचा. पावसाळ्याच्या तोंडीं डोंगरांतल्या आमरी ओरबाडून आणून विकणारे कोठें कोठें भेटतात. वीस-पंचवीस रुपयांत सीतेची वेणी मिळाली, म्हणून घेणाराला आनंद होतो. फांदीपासून उपटतांना तिचीं निम्मीं मुळें तुटलेलीं असतात; अंगांत सांठविलेल्या बळावर ती एकदां फुलते व पुढच्या वर्षीं सुकते. राखीव वनांतून अशी झाडें काढणें कायद्यानें गुन्हा आहे, हें तर आहेच. पण तिची जागा भरून कां येत नाहीं, तें समजून घेण्यासारखें आहे. आमरीच्या एका शेंगेंत धुळीसारखें बीं लाखोंनीं असतें, परंतु त्या बियांत अंकुराच्या पोषणाची शिदोरीच नसते. विशिष्ट जातीची बुरशी त्यांत शिरून त्याला अन्न पुरवील, तरच तें रुजतें. हें रहस्य नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ सालीं उलगडलें. लाखांतून एखादें बीं योग्य फांदीवर, योग्य बुरशीजवळ पडावें, आणि मग फूल येण्यास पांच-सात वर्षें लागावींत! माथेरानच्या एखाद्या जांभळीवरचा घोस उपटणारा दहा मिनिटांत जें नेतो, तें जमण्यास त्या जांभळीला दशकें लागलेलीं असतात.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर ब्लॅटर, आणि पुढें फादर सांतापाउ, यांनीं या प्रांतांतील आमरी डोंगर तुडवून नोंदविल्या. सांतापाउ व कपाडिया यांचा मुंबई इलाख्यांतील आमरींवरचा ग्रंथ १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांतल्या जाती रानांत पाहावयास मिळाव्यात, असें वाटत असेल तर सज्जासाठीं झाड रोपवाटिकेंतलेंच घ्यावें. तें शक्यहि झालें आहे. अमेरिकेंतील न्यूडसन यानें १९२२ मध्यें बुरशीवांचून, साखर व क्षार घातलेल्या आगरावर, बाटलींत बीं रुजवून दाखविलें. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्यें मोरेल यानें अंकुराच्या टोंकाच्या कणापासून एकाच झाडाचीं असंख्य रोपें करण्याची वाट दाखविली. एके काळीं इंग्लंडांतील धनिकांनीं लिलावांत ज्या झाडांसाठीं मोठमोठ्या रकमा ओतल्या, तशीं झाडें आज मध्यम वर्गाच्या घरीं भेट म्हणून येतात तीं या बाटल्यांमुळें. नवशिक्यानें प्रथम संकरित डेंड्रोबियम घ्यावें. उकाडा त्याला सोसतो, आणि तें वर्षांतून दोनदांहि फुलतें.

एकदां तें घरीं रुळलें कीं दुसरें विकत घेण्याची गरज राहत नाहीं. तीन वर्षांत कुंडी कांड्यांनीं भरते. उन्हाळ्याच्या अखेरीस, नवे कोंब दिसूं लागतांच, झाड कुंडींतून काढावें. कुजलेलीं मुळें छाटावींत, आणि प्रत्येक भागांत निदान तीन-चार कांड्या राहतील अशा बेतानें त्याचे दोन भाग करावे. कापलेल्या जागीं हळदीची पूड लावून भाग एक दिवस सांवलींत कोरडे होऊं द्यावेत. मग जुनी कांडी कुंडीच्या कडेला व नवा कोंब मध्याकडे येईल असें लावून, कांडी हलूं नये म्हणून काठीला बांधावी. जुन्या कांडीच्या टोंकाला कधीं कधीं मुळांसकट एक पिलूं फुटतें; त्याचीं मुळें दोन इंच वाढलीं कीं तें अलगद वेगळें करून लहान कुंडींत लावावें. पहिले पंधरा दिवस नुसतें पाणी शिंपडावें, आणि शेजारीं द्यावयाचें असल्यास तेंहि त्यानंतरच द्यावें.