गुडघ्याचे दुखणे आणि हाडाची दिशा

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नव्हे. कला शाखेचा पदवीधर आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्यास कारण घरचेच आहे. माझ्या थोरल्या बंधूंचे पाय गुडघ्यांशी फेंगडे होत गेले आणि आम्ही वयोमानाचे दुखणे म्हणून तेल चोळीत राहिलो.

शरीराचा भार गुडघ्याच्या दोन कप्प्यांवर पडतो. आतील कप्प्यावर काहीसा अधिक. पाय फेंगडा झाला की तो आणखी आत सरकतो, तेथील कूर्चा झिजते आणि त्या झिजेने पाय अधिकच वाकतो. हे चक्र तोडण्यासाठी शल्यविशारद गुडघ्याखाली नडगीचे हाड आतील बाजूने छेदतात, बाहेरची कड बिजागरीसारखी शाबूत ठेवून फट उघडतात, धातूची पट्टी व स्क्रू बसवितात आणि आवश्यक तेव्हा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा त्या फटीत भरतात. भार निरोगी कप्प्याकडे वळतो. अमेरिकेतील डॉ. मार्क कॉव्हेंट्री यांनी १९६५ साली मांडलेली रीत मात्र हाडाची पाचर काढून घेण्याची होती.

स्वतःचा सांधा टिकतो, म्हणून शेतात राबणाऱ्या मध्यमवयीन माणसास ही शस्त्रक्रिया मोलाची. हाड जुळण्यास काही महिने लागतात. विडी ओढणाऱ्याचे तर अधिकच उशिरा जुळते. शिवाय झीज एकाच कप्प्यापुरती असावी लागते. बंधूंचे उभ्याने घेतलेले क्ष-किरण चित्र प्रथम पाहिले गेले, तेव्हा दोन्ही कप्पे झिजले होते. कृत्रिम सांध्याखेरीज त्यांना मार्ग उरला नव्हता.