घाटातला पूल



लखनौच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेलीबाग नावाची वस्ती आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझा मुक्काम तेथे आहे. गंगा आणि गोमती यांनी वाहून आणलेल्या गाळाची ही भूमी. ती इतकी सपाट, की दिवसभर चालले तरी पायाला नैसर्गिक खडक म्हणून लागायचा नाही. नवाबांचा बडा इमामबाडासुद्धा लाखौरी विटांचा आणि चुन्याचा. अशा मुलुखात राहणाऱ्या मराठी माणसाला सह्याद्रीचा काळा कातळ आठवावा, हे स्वाभाविकच आहे. मला मात्र त्या कातळाबरोबर एक पूल आठवतो. खंडाळ्याच्या बोरघाटातला तो पूल आज जागेवर नाही. लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. वेदनाशामक मलमाच्या एका जाहिरातफलकावरून हे नाव पडले आणि घाट चढून दमलेल्या जिवाला ते बऱ्यापैकी शोभलेही.

पुण्यात एम. ए. करीत असताना, एका पावसाळ्यात, मी प्रथम त्या पुलावर गेलो. पूल म्हटला की नदी आलीच, अशी आपली समजूत. येथे खाली नदी नव्हती, वाहता रस्ता होता. घडीव चिऱ्यांच्या कमानी, त्यांच्या खांबांना जवळजवळ घासून जाणाऱ्या मालमोटारी, आणि वर ओल्या कठड्याशी उभे राहिलेले आम्ही चौघे. धुके हलले, आणि समोर नागफणीचा सुळका उभा राहिला. सापाने फणा काढावा तसाच त्याचा आकार आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाशी त्याचे साम्य साहेबाला दिसले, हा ज्याच्या त्याच्या दृष्टीचा प्रश्न! खाली दरीत धबधब्यांच्या पांढऱ्या रेषा, आणि त्यापलीकडे खोपोलीकडचे कोकण.

हे कडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. थरावर थर साचत गेले, आणि पुढे पावसापाण्याने त्यांच्या कडा झिजून या पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती उरल्या. घाटमाथ्यावर थोडे पुढे गेले, की याच पाषाणात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले कार्ल्याचे चैत्यगृह आहे. दगड तोच. एकदा माणसाने तो आतून कोरला, आणि एकदा फोडून, घडवून, कमानीत बसवला.

ही भिंत ओलांडणे सोपे कधीच नव्हते. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांचे सैन्य याच घाटाने वर आले, तेव्हा हजारो बैलांच्या लवाजम्याने त्यांची चाल इतकी मंदावली, की मराठ्यांना तयारीस हवा तेवढा अवधी मिळाला. त्याचा शेवट वडगावच्या तहात झाला. ओझ्याच्या बैलांऐवजी चाकाची गाडी घाट चढू लागली ती पुढे, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. कॅप्टन ह्यूज याने बांधलेला तो रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. अमृतांजन पूल त्याच रस्त्याचा म्हणून ओळखला जाई. १८६३ मध्ये आगगाडी आली. सदतीस फुटांत एक फूट असा चढ, आणि पंचवीस बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोचल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि ते प्रचंड काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने अंगावर घेऊन तडीस नेले. चढ एकदम घेता येईना, म्हणून गाडीची दिशा उलटवणारे एक स्थानकच डोंगराच्या कडेला उभारले होते. ते १९२९ पर्यंत चालले. पुढे २००२ मध्ये पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि तो नेमका या पुलाच्या कमानींखालून गेला.

तेथेच पुलाचे दिवस भरले. घाटातला उतार, त्यावर वळण, आणि त्यात रस्ता आवळून धरणारे दगडी खांब. वाहने तुंबत, अपघात होत. २०२० च्या एप्रिलात टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडला, ती संधी साधून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने ५ एप्रिल रोजी सुरुंग लावून पूल पाडला.

हा निर्णय माझ्या मते योग्यच होता. घाटात माणसे मरत असताना कमानीच्या सौंदर्याचा वाद घालणे मला पटत नाही. लखनौलाही असेच झाले होते. नवाब आसफउद्दौल्याचा गोमतीवरचा दगडी पूल कमकुवत ठरला, म्हणून १९११ साली तो पाडला आणि १९१४ साली शेजारचा तांबडा पूल खुला झाला. गोमतीच्या पाण्याला त्याची खंत नाही. लोक नव्या पुलावरून जातात, आणि तेथे उभे राहून नदी पूर्वीसारखीच पाहतात.

बोरघाटाचे वेगळे आहे. तेथे पूल गेला, आणि त्याबरोबर उभे राहण्याची जागाही गेली. द्रुतगती मार्गावर थांबण्यास मनाई आहे, आणि ती असलीच पाहिजे. परंतु जुना रस्ता, आगगाडीची वाट आणि नवा मार्ग, तिन्ही एका नजरेत घेऊन सह्याद्रीकडे पाहता यावे असे ते ठिकाण होते. आमच्या उत्तर प्रदेशी कचेऱ्यांत जिला पत्रावली म्हणतात, त्या नस्तीत पुलाचा भार, रुंदी, अपघात, खर्च यांची नोंद होते. त्यावरून काय दिसते, याचा रकाना मी आजवर एकाही नस्तीत पाहिलेला नाही.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतात एल्ब नदीकाठी बास्टाई नावाचा दगडी पूल आहे. नोकरीतल्याच एका दौऱ्यात सुटीच्या दिवशी मी तेथे गेलो होतो. ड्रेस्डेनहून लोकलने राटेन, तेथून दोरावर बांधलेली, केवळ प्रवाहाच्या जोरावर पैलतीरी जाणारी नाव, आणि मग चढण. वाळूच्या खडकाचे सुळके झाडीतून वर आलेले, आणि त्यांना जोडणाऱ्या सात कमानी. आधीचा लाकडी पूल काढून १८५१ मध्ये हा बांधला, तो केवळ हिंडणाऱ्या-पाहणाऱ्या लोकांसाठी. त्याच्यावरून कधी तोफ गेली नाही की कापसाची गाडी गेली नाही, म्हणूनच तो टिकला असे मला वाटते. आमचा पूल कामाचा होता, आणि कामानेच त्याला खाल्ले. पण बास्टाईलाही सुख नाही. पुलाजवळच्या सुळक्याचा खडक ठिसूळ झाल्याने त्यावरचा प्रेक्षणाचा चौथरा २०१६ मध्ये बंद करावा लागला. तेथील लोकांनी काय केले? सुळक्याच्या टोकावर भार पडणार नाही, असा नवा, अधांतरी चौथरा बांधून २०२३ मध्ये तो खुला केला. खडक हरला, पाहण्याची जागा त्यांनी सोडली नाही.

आपल्याकडेही एवढे करणे अवघड नाही. जुन्या घाटरस्त्याच्या कडेला सुरक्षित असा एक चौथरा, त्यावर पुलाचे चार घडीव चिरे, आणि १८३० व २०२० ही दोन साले कोरलेला एक फलक. त्याला फार पैसा लागत नाही. जागेचेही कोडे नाही. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांच्याच गोळीने जीव गमावला, अशी ज्याची कथा सांगतात, त्या शिंग्रोबा धनगराचे देऊळ जुन्या रस्त्यावर आहे. तेथे मोटारवाले आजही नाणे टाकतात. ते चिरे ठेवायचे झाले, तर मी त्या देवळाजवळची जागा सुचवीन. तेथे गाडी आपोआपच मंदावते.