बालकांचे स्वावलंबन : सीमाभागातील घर आणि अंगणवाडी



निपाणीचे नाव निघाले की प्रथम तंबाखू आठवतो. १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे हे गाव दूरवर माहीत झाले. त्याच काळात विडी वळणाऱ्या आणि वखारीत राबणाऱ्या येथील स्त्रियाही संघटित झाल्या. त्यांच्या मजुरीविषयी व आरोग्याविषयी बरेच बोलले गेले, आणि ते योग्यच झाले. त्या स्त्रीच्या मांडीशेजारी बसलेले दोन-चार वर्षांचे मूल हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विडी वळण्याचे काम अंगावर मोजून घेतले जाते. टेंभुर्णीची पाने भिजवावयाची, मापाने कात्रीने कापावयाची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन एकेक पान भरून वळावयाचे, दोरा गुंडाळावयाचा आणि तोंड दुमडावयाचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. अशा घरात आईच्या प्रत्येक मिनिटाला किंमत असते. मूल पाणी मागते, तेव्हा ती उठली तर दहा-पाच विड्या राहतात; मूल स्वतःच्या हाताने जेवू लागले तर निम्मे अन्न सांडते आणि झाडलोट वाढते. म्हणून ती दोनच गोष्टी करू शकते. एक तर घाईघाईने भरवून, पुसून, कपडे चढवून मुलाला मोकळे करते. नाही तर सहा-सात वर्षांच्या थोरल्या मुलीच्या काखेत त्याला देऊन टाकते. पहिल्या रीतीने मूल परावलंबी होते, आणि दुसऱ्या रीतीने थोरलीची शाळा बुडते. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरांत किंवा ऊसतोडणीच्या पालांवर तपशील बदलतो, अडचण तीच राहते.

तेव्हा मुलांना स्वावलंबी करा असा उपदेश या मातेला करावयाचा असेल, तर तिचा वेळ न घेणारा मार्ग तिच्यापुढे ठेवला पाहिजे. सुखवस्तू घरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतील सल्ला येथे उपयोगी पडत नाही.

सुदैवाने मराठी माणसाला या प्रश्नासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधील कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, हे शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ती पद्धत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी आपलीशी केली, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ती महाराष्ट्रातील खेड्यात आणली. ताराबाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले.

बोर्डीचा अनुभव मुळातून समजून घेण्यासारखा आहे. बालवाडी निघाली, परंतु गावाबाहेरच्या वस्तीतील मुले तिच्याकडे येईनात. घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे, अंगावर धड कपडा नाही, आणि गावातल्या जागेत पाऊल टाकण्याचा संकोच. यावर ताराबाईंनी केलेला उपाय साधा होता. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे. बाई वस्तीवर जाऊन कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करू लागल्या. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना तेथली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि पुढे हेच नाव देशभर झाले. आज कर्नाटकातील कन्नड बोलणारी आईदेखील 'अंगनवाडी'च म्हणते. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच असलेल्या मोजक्या शब्दांपैकी हा एक शब्द आहे.

कोसबाडला महागडी साधने नव्हती. माँटेसरीच्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी दगड, बिया, शिंपले, पाने आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवणाऱ्या विकासवाडीमुळे थोरली बहीण धाकट्याला काखेतून आणून पाळणाघरात ठेवू शके आणि स्वतः वर्गात बसू शके. निपाणीच्या घरातील जो पेच वर सांगितला, त्याचे उत्तर कोसबाडला कित्येक दशकांपूर्वी करून पाहिले गेले होते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. सन्मान झाले, पाळणाघराची जोड मात्र पुढे योजनेत तेवढ्या प्रमाणात उतरली नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

कायद्याने पाळणाघराचा विचार केला नव्हता असे नाही. विडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यात, ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया असतील त्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली ठेवण्याची तरतूद होती. परंतु विडीचा धंदा कारखान्याच्या भिंतीत राहिला नाही. तो कंत्राटदारामार्फत घरोघरी गेला. घरी कोठले पाळणाघर? म्हणून या भागात अंगणवाडीचे महत्त्व इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे.

आता स्वावलंबन म्हणजे काय, याचा नीट विचार करू. तीन वर्षांच्या मुलाने स्वतः पाणी घेऊन प्यावे, हात धुवावेत, ताटातले स्वतः जेवावे, चड्डी वर ओढावी, चप्पल जागेवर ठेवावी आणि शौचाला लागल्याचे वेळेवर सांगावे. पाच वर्षांच्या मुलाने बटणे लावावीत, अंथरूण गोळा करावे, शेजारच्या घरी निरोप सांगून यावे. यादी याहून फार लांबवण्याचे कारण नाही. यासाठी आईला शिकवणी घ्यावी लागत नाही, घराची मांडणी थोडी बदलावी लागते. पाण्याचा माठ उंच फळीवर असतो. मुलाच्या हाताला येईल अशा ठिकाणी झाकणाची छोटी कळशी व एक भांडे ठेवले, की दिवसातून आठ-दहा वेळा आईचे उठणे वाचते. भिंतीत कमरेच्या उंचीवर एक खुंटी ठोकली, की मूल आपला सदरा स्वतः अडकवते. जवळ एक फडके ठेवले, की सांडलेले पुसण्याचे कामही त्याचेच. पहिला पंधरवडा सांडलवंड होईल, नंतर हात बसतो. ज्या मातेचा वेळ म्हणजेच मजुरी आहे, तिला हा पंधरवडा पुढे वर्षभर परत मिळतो.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. स्वावलंबनाच्या नावाखाली मुलाच्या हातात कामधंदा देता कामा नये. विडीची तोंडे दुमडण्याला लहान बोटे सोयीची पडतात, आणि 'बसल्या बसल्या शिकतंय' असे कौतुकही होते. परंतु स्वतःचा सदरा घडी करणारे मूल स्वतःसाठी काही शिकत असते, तर विड्यांची तोंडे दुमडणारे मूल दुसऱ्याचा हिशेब पुरा करीत असते. शिवाय तंबाखूतील निकोटीन ओल्या कातडीतून अंगात शिरते आणि त्याची भुकटी श्वासातून जाते. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळण्याचे काम मुलांना निषिद्ध केले. मात्र कुटुंबासोबत घरी चालणारे काम त्यातून निसटले होते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर सर्वत्र बंदी घातली, आणि कुटुंबाला मदत करण्याची सवलत धोकादायक नसलेल्या कामापुरती ठेवली. कायद्याची कलमे पाठ नसली तरी चालेल. सूप एका कोपऱ्यात आणि मुलाची जागा वाऱ्याच्या बाजूला दुसऱ्या कोपऱ्यात असावी, आणि मुलाला घेण्यापूर्वी आईने हात साबणाने धुवावेत, एवढे घरोघरी झाले तरी पुष्कळ साधेल.

स्वावलंबनाची दुसरी बाजू मनाची आहे. पडणे, हरणे, वाट पाहणे, आई थोडा वेळ दिसेनाशी होणे, या गोष्टी सोसून पुन्हा खेळास लागण्याची शक्ती बालपणीच घडते. आपल्याकडे मूल पडले की मोठी माणसे जमिनीला चापट मारतात आणि 'मुंगी मेली बघ' म्हणतात. यात माया आहे, परंतु मुलाला कळते ते एवढेच की दोष जमिनीचा. त्यापेक्षा जवळ जाऊन 'लागलं का? कुठं लागलं?' असे विचारावे, खरचटले असेल तर धुवावे, आणि उठण्यासाठी हात पुढे करावा. उचलून घेण्याची घाई करू नये. जेवावे म्हणून बागुलबुवाची भीती घालणे हेही तसेच. भ्यालेले मूल जेवते खरे, पण रात्री एकटे अंगणात जाऊ शकत नाही, आणि मग तेच घर त्याला भित्रा म्हणते.

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सुमारे सातशे मुलांचा अभ्यास एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे केला. त्यांतील पुष्कळ मुले गरिबीत व कलहात वाढलेली होती. अशा कठीण परिस्थितीतील मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले धडधाकट मनाची, कर्ती माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात कोणी तरी एक भरवशाचे माणूस होते, मग ते आई असो, आजी असो वा शिक्षिका असो, असे आढळले. मूल आपोआप कणखर होत नाही आणि कष्टांनी तर मुळीच होत नाही. गरिबी सोसते म्हणून गरिबाचे मूल धीट असते, ही समजूत सोडून दिली पाहिजे. त्याच्यामागे कोणी तरी उभे असावे लागते. विडी वळणाऱ्या घरात ही भूमिका बहुधा आजी करते, आणि दिवसातले तीन-चार तास अंगणवाडीची बाई.

सीमाभागात यापुढे एक आणखी गोष्ट येते, ती भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या वादाचा ऊहापोह करण्याचे हे स्थान नाही. तीन वर्षांच्या मुलाला तो वाद माहीत नसतो. त्याला एवढेच समजते, की घरात 'पाणी' म्हटले की पाणी मिळते आणि दुसरीकडे त्याच शब्दाला कोणी उत्तर देत नाही. ज्या मुलाला तहान लागल्याचे सांगता येत नाही ते तहानलेले राहते. ज्याला शौचाचे सांगता येत नाही ते कपडे भरवते, हसे होते, आणि दुसऱ्या दिवशी यावयास नकार देते. घरी खुंटी, कळशी, फडके सारे करून मिळवलेले स्वावलंबन अशा वेळी उंबरठ्यावरच गळून पडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, त्यामागे हेच तत्त्व आहे. हीच गोष्ट मराठी वस्तीतील कन्नड मुलालाही आणि दोन्हीकडच्या उर्दू बोलणाऱ्या मुलालाही लागू पडते.

व्यवहारात हे फारसे अवघड नाही. बेळगाव-निपाणीकडे अंगणात खेळणारी मुले एका वाक्यात दोन भाषा सहज बोलतात. 'अक्का' ही कोणाची, मराठीची की कन्नडची, हे तेथे कोणी विचारीत नाही. अंगणवाडीत प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात शिक्षिकेने मुलाच्या घरचे दहा-बारा शब्द आईकडून विचारून घ्यावेत. पाणी, भूक, पुरे, दुखते, आई, घरी जायचे, शौच, लघवी एवढे शब्द बाईला समजले तरी मुलाची अर्धी भीती जाते. त्याच शब्दांच्या जोडीला 'नीरु', 'साकु', 'बा' हे शब्द खेळता खेळता आले, तर मूल दोन्ही घरांत आपले म्हणणे मांडू शकते. गाणी दोन्ही भाषांत घ्यावीत. त्यांच्या तालाला भाषेची अडचण होत नाही.

आईची जबाबदारी या पहिल्या आठवड्यापुरती वेगळी आहे. मूल खेळण्यात गुंतले की हळूच निघून जावयाचे, ही रीत सर्वत्र दिसते आणि ती सर्वांत वाईट. मूल वळून पाहते तो आई नाही. त्यानंतर ते आईला क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नाही, कारण ती केव्हाही नाहीशी होऊ शकते हे त्याला कळलेले असते. पहिल्या दिवशी अर्धा तास सोबत बसावे. दुसऱ्या दिवशी 'मी पानं भिजवून येते, जेवणाच्या वेळी नेते' असे सांगून, मूल रडले तरी, उघडपणे निघावे. आणि जेवणाच्या वेळी खरोखर यावे. आईला येणे जमणार नसेल तर आजीने अथवा शेजारणीने यावे, पण कोण येणार ते मुलाला सकाळीच सांगितलेले असावे. सांगितल्याप्रमाणे चार-पाच दिवस कोणी तरी वेळेवर आले, म्हणजे बहुतेक मुले दाराशी रडणे थांबवतात आणि ताट स्वतः आणावयास जातात. काहींना पंधरा दिवस लागतात. अशा मुलांच्या माता उशिराबद्दल ओशाळतात. त्यांना शिक्षिकेने धीर द्यावा, आणि इतरांच्या मुलांशी तुलना करू नये.