विवाह आणि कॅनडातील स्थायी निवास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षणविषयक काही सांगावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी मॅट्रिक शिकलेला प्राथमिक शिक्षक. शिक्षणावर बोलणारे विद्वान या सभेत माझ्याहून पुष्कळ आहेत. परंतु आपल्या वधूवर मेळाव्यात अलीकडे जी माहितीपत्रके येतात, त्यांत 'कॅनडा' हा शब्द वारंवार दृष्टीस पडतो. आणि विवाहानंतर त्या देशात कायम राहण्याचा हक्क कसा मिळतो याविषयी घरोघर ज्या कल्पना प्रचलित आहेत, त्या ऐकून मन अस्वस्थ होते. माझ्या धाकट्या बंधूच्या कन्येचा विवाह २०२१ साली टोरांटोनजीक राहणाऱ्या मुलाशी झाला. तिच्या अर्जाचे कागद जमविण्याचे काम निवृत्त माणूस म्हणून माझ्याकडे आले. त्या निमित्ताने तेथील नियम मी वहीत उतरवून घेतले. आजचे बोलणे त्या वहीतीलच आहे.

प्रारंभी थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. हिंदी माणसाने पत्नीस कॅनडात नेणे ही एके काळी जवळजवळ अशक्य गोष्ट होती. १९०८ साली त्या देशाने असा नियम केला की, मायदेशातून निघून वाटेत कोठेही न थांबता जो येईल त्यालाच प्रवेश. हिंदुस्थानातून तसे थेट जहाजच मिळत नसे, तेव्हा नियमाचा रोख कोणावर होता हे सांगावयास नको. १९१२ साली भागसिंग आणि बलवंतसिंग या व्हँकुवरच्या शीख पुढाऱ्यांच्या बायकामुलांनाही परत धाडण्याचे ठरले होते. बराच गवगवा झाल्यावर केवळ मेहेरबानी म्हणून त्यांस राहू दिले. प्रथम महायुद्धानंतर पत्नी व मुले यांना वाट मोकळी झाली. १९६७ साली गुणांवर निवड करण्याची पद्धत आली आणि १९७६ च्या कायद्याने 'कुटुंबवर्ग' हा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. सांप्रतचा कायदा २००२ पासून अमलात आहे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. या कायद्यान्वये कॅनडाचा नागरिक अथवा स्थायी निवासी आपल्या पत्नीस किंवा पतीस तेथे कायमचे बोलावू शकतो. बोलावणाऱ्यास तिकडे 'स्पॉन्सर' म्हणतात. मी त्यास हमीदार म्हणेन, कारण तो खरोखरच हमी लिहून देतो. मुलगी मुलाला बोलावू शकते तसेच मुलगा मुलीला. आपल्याकडे बहुधा मुलीच जातात म्हणून मी मुलीच्या बाजूने बोलतो.

आपल्या लोकांची पहिली फसगत येथेच होते. माहितीपत्रकात 'कॅनडात स्थायिक' असे लिहिलेले असते. विचारपूस करता कळते की, मुलगा तेथे शिकत आहे किंवा मुदतीच्या परवान्यावर नोकरी करीत आहे. असा मुलगा हमीदार होऊच शकत नाही. त्याच्या पत्नीस फार तर त्याच्या मुदतीपुरते राहण्याचा व काम करण्याचा परवाना मिळू शकेल, आणि जानेवारी २०२५ पासून तोही पुष्कळ आकुंचित झाला आहे. ठरावीक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या व ठरावीक व्यवसायांतील नोकरदारांच्या पत्नींनाच तो मिळतो. मुलगा वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. परंतु 'तेथे राहतो' आणि 'तेथील स्थायी निवासी आहे' यांत अंतर आहे, आणि पाहण्याच्या कार्यक्रमात पगार विचारण्याआधी ते विचारावे. विचारताना संकोच वाटत असल्यास मामांस पुढे करावे. मामा असतात कशासाठी?

याहून मोठा धोका आणखी एका ठिकाणी आहे. मुलाने गुणांच्या आधारे स्वतःच्या स्थायी निवासाचा अर्ज केलेला असतो. निकाल यावयाचा असतो, आणि मधल्या काळात तो येथे येऊन लग्न करून जातो. विवाह झाल्याचे त्याने तेथील खात्यास निकालापूर्वी व प्रवेशापूर्वी कळविले पाहिजे, म्हणजे पत्नीचीही तपासणी होते. 'उगाच अर्ज लांबेल' या भीतीने त्याने ते न कळविले, तर पुढे तो स्थायी निवासी झाला तरी कुटुंबवर्गातून त्या पत्नीस बोलावू शकत नाही. लपविलेल्या अपत्याचीही तीच गत. २०१९ साली तेथील शासनाने यात काही प्रायोगिक सवलत दिली. परंतु ती निर्वासित व कुटुंबवर्गातून गेलेल्या लोकांपुरती आहे, गुणांवर गेलेल्या मुलास तिचा उपयोग नाही. चार महिने वाचविण्यासाठी संसारच अडकून पडतो.

हमीदाराने जे लिहून द्यावयाचे त्याचे स्वरूपही नीट समजून घेतले पाहिजे. पत्नी स्थायी निवासी झाल्याच्या दिवसापासून ३ वर्षे तिच्या अन्नवस्त्रादी मूलभूत गरजा भागविण्याची जबाबदारी तो घेतो. त्या काळात तिने सरकारी निर्वाह-साहाय्य घेतले तर ती रक्कम शासन त्याच्याकडून वसूल करू शकते. पुढे काडीमोड झाला तरी ही हमी सुटत नाही. मुलीवर मात्र त्यामुळे कोणतेही बंधन येत नाही. 'तीन वर्षे मुकाट्याने राहिलीस तर ठीक, नाही तर परत पाठवीन' अशी धमकी दिली जाते असे ऐकिवात आहे. तिला कायद्याचा आधार नाही. २०१२ साली नव्या विवाहांसाठी दोन वर्षे एकत्र राहण्याची अट घातली होती हे खरे. तिच्यामुळे छळ सोसणाऱ्या स्त्रिया अडकून पडतात अशी ओरड झाली, आणि २०१७ साली ती अट रद्द झाली. आज एकदा स्थायी निवास मिळाला की, केवळ पतीपासून वेगळे झाल्याने तो जात नाही. मात्र निकाल लागेपर्यंत हमीदार आपला अर्ज केव्हाही मागे घेऊ शकतो, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे. मधला काळ नाजूक असतो तो याच कारणाने.

(अमेरिकेची रीत निराळी आहे. तेथे स्थायी निवास मिळतेवेळी विवाहास २ वर्षे पुरी झाली नसतील तर तो २ वर्षांपुरता सशर्त मिळतो व पुढे अट काढून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. एका देशाचा नियम दुसऱ्यास लावू नये.)

आता पुराव्याविषयी. आपल्याकडे पाचशे पाने उठली, गावाने अक्षता टाकल्या, म्हणजे लग्न झाले. त्यास आणखी पुरावा कशाला, असे आपणांस वाटते. तेथील अधिकाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात: हा विवाह खरा आहे काय, आणि तो मुख्यतः प्रवेश मिळविण्यासाठीच केलेला आहे काय? यांपैकी एका बाबतीतही त्याचे समाधान झाले नाही तर अर्ज फेटाळला जातो. ठरवून केलेले विवाह त्यांना ठाऊक आहेत, त्याबद्दल आक्षेप नसतो. स्थळ कोणी सुचविले, प्रथम भेट कोठे झाली, विवाहानंतर उभयता किती दिवस एकत्र राहिली, दूर असताना संपर्क कसा ठेवला, हे ते पाहतात. म्हणून लग्नपत्रिका, साखरपुडा व केळवणाची छायाचित्रे, प्रवासाची तिकिटे, परस्परांशी झालेल्या संभाषणाच्या नोंदी हे सर्व जपून ठेवावे. वधूवरांनी एकटे उभे राहून काढलेल्या चित्रांपेक्षा दोन्हीकडची वडील मंडळी ज्यांत दिसतात ती चित्रे अधिक उपयोगी पडतात. २०१५ पासून आणखी एक दंडक आहे: विवाहप्रसंगी दोघेही प्रत्यक्ष हजर असले पाहिजेत, दूरध्वनीवरून वा संगणकाच्या पडद्यावरून लागलेले लग्न चालत नाही.

हल्ली व्हिसाच्या घाईसाठी नोंदणी विवाह आधी उरकतात आणि मंगलाष्टके सहा महिन्यांनी होतात. त्यास हरकत नाही. परंतु कायद्याने विवाहाची तारीख ती पहिलीच. घरातील माणसे 'लग्न अजून व्हायचे आहे' असे सांगत राहतात आणि मधल्या काळातील एखाद्या अर्जात मुलगी स्वतःस 'अविवाहित' लिहिते, तेव्हा तिचीच दोन विधाने परस्परांविरुद्ध उभी राहतात. विवाहनोंदणी आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्याने होते. खेड्यात ग्रामसेवक, शहरात नगरपालिकेचा अधिकारी ती करतो. आळस न करता लगेच करून घ्यावी.

नावांची गोष्ट तर मला शिक्षक म्हणून विशेष जिव्हाळ्याची आहे. आपल्या चालीप्रमाणे मुलीचे मधले नाव आणि आडनाव विवाहाने बदलते. काही घरी ताटातील तांदळांवर नवे नाव लिहून पहिले नावही बदलतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, पारपत्रावर दुसरे, विवाहाच्या दाखल्यावर तिसरे, आणि आधारपत्रावर टंकलेखकाच्या कृपेने चौथेच! परक्या अधिकाऱ्यास या चार स्त्रिया वाटतात. विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. माझ्या पुतणीने पारपत्रावरील माहेरचे नाव तसेच ठेवले; सासरच्या मंडळींनी थोडी कुरकुर केली, नंतर त्यांनाच सोय कळली. ताटातील नाव घरात हाक मारावयास पुष्कळ आहे.

जन्मतारखांचेही असेच आहे. माझ्या पिढीतील कितीतरी मुले १ जून या एकाच दिवशी जन्मली, कारण शाळेत घालताना तीच तारीख सोयीची पडे. अर्जात आईवडील व सर्व भावंडे यांची नावे आणि जन्मतारखा मागतात. दिवंगत झालेल्यांचीही लिहावी लागतात. जी तारीख अधिकृत कागदावर आहे तीच सर्वत्र लिहावी. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर हवे असते आणि ते नातेवाइकाने केलेले चालत नाही, त्यामुळे माझा तो उत्साह वाया गेला. याखेरीज त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी व पोलिसांकडील दाखला लागतो. ती रीत सरळ आहे, त्यात वेळ दवडीत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा राहिलो ती सांगतो. मुलीचा किंवा मुलाचा पूर्वी एक विवाह झालेला असेल, तर तो झाकण्याकडे आपला कल असतो. 'दोनच महिने नांदली, त्याचे काय लिहायचे?' असे वडीलधारी माणसेच म्हणतात. तेथील अर्जात पूर्वीचे सर्व विवाह विचारतात. खोटे लिहिले किंवा महत्त्वाची गोष्ट दडविली असे ठरल्यास त्या व्यक्तीस ५ वर्षे प्रवेश बंद होतो. तो खोटेपणा दलालाने केला, सही तेवढी आमची, ही सबब सहसा ऐकली जात नाही. ज्या देशात घटस्फोट ही सामान्य बाब आहे, तेथील अधिकाऱ्याच्या मते पहिले लग्न मोडणे हा दोष नाही. ते दडविणे हा मोठा दोष आहे. आपण लपवितो ते शेजाऱ्यांच्या भीतीने, आणि शिक्षा मात्र मुलीला होते.

त्यातही एक गाठ विशेष अवघड आहे. काही घरी पहिला संबंध पंचांसमोर बसून, मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून तोडलेला असतो. हिंदु विवाह कायदा, १९५५, याच्या २९ व्या कलमाने रूढीप्रमाणे झालेल्या काडीमोडास संरक्षण दिलेले आहे. परंतु तशी रूढी त्या समाजात खरोखर व पूर्वापार आहे हे जो सांगेल त्यानेच सिद्ध करावयाचे असते. नुसत्या मुद्रांकावर विसंबून दुसरा विवाह केला आणि रूढी सिद्ध झाली नाही, तर पहिला विवाह कायम राहतो व दुसरा आपल्याच कायद्याने रद्दबातल ठरतो. मग स्थायी निवास कोठला? म्हणून अशा प्रकरणी नव्या स्थळाचा विचार करण्याआधी वकिलाचा सल्ला घेऊन न्यायालयाचा हुकूमनामा मिळवावा. पंचमंडळींविषयी मला आदर आहे, पण त्यांची सही समुद्रापलीकडे चालत नाही.

दलालांविषयी थोडेसे. अर्जाचे नमुने तेथील शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकिलांस आणि परवानाधारक सल्लागारांसच आहे. अशा सल्लागारांची अधिकृत यादी कोणासही पाहता येते. 'अमुक लाख द्या, हमखास काम करतो' म्हणणाऱ्याचे नाव त्या यादीत आहे काय, एवढे पाहावे. कालावधीचे म्हणाल तर २०१६ च्या अखेरीस १२ महिन्यांचे उद्दिष्ट तेथील शासनाने जाहीर केले होते. प्रत्यक्षात कधी अधिकही लागतो, आणि क्युबेक प्रांताची रीत थोडी निराळी आहे. अर्ज बाहेरून केलेला असून तो नाकारला गेला तर हमीदारास अपील करता येते. मुलगी तेथे जाऊन 'कॅनडातील जोडीदार' या वर्गात अर्ज करील तर तसे अपील नाही. कोणत्या वर्गातून अर्ज करावयाचा, हे ठरविताना एवढा फरक लक्षात घ्यावा.

मुलगी तेथे पोहोचल्यावर तिचे पारपत्र, स्थायी निवासाचे पत्र आणि विवाहाचा दाखला तिच्याच ताब्यात असावा. 'हरवेल, माझ्याकडे दे' असे प्रेमानेही म्हटले जाते. तरी त्यांच्या प्रती माहेरी ठेवाव्यात आणि मूळ कागद तिने स्वतः सांभाळावेत. ५ वर्षांत ७३० दिवस तेथे वास्तव्य झाले पाहिजे, हेही तिला ठाऊक असावे. बाळंतपणासाठी वा आजारपणासाठी माहेरी फार काळ राहावे लागले तर त्याचा हिशेब ठेवावा. दुर्दैवाने छळ वा परित्याग झालाच, तर आपल्या राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या विवाहांतील तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. स्थायी निवास मिळण्यापूर्वीच छळ होऊ लागला तर तेथे तात्पुरता वास्तव्य-परवाना मागण्याची सोयही २०१९ पासून झालेली आहे.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. माझ्या वहीची आणि पुतणीच्या अर्जासोबत जोडलेल्या कागदांच्या यादीची प्रत मी बरोबर आणली आहे. ज्यांच्या घरी असा संबंध ठरत असेल त्यांनी भोजनोत्तर कार्यालयाच्या मागील खोलीत यावे. मुलीसही सोबत आणावे, कारण अर्जावर सही तिला करावयाची आहे.